पाना फिरायला जागा हवी

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात कोणी नवीन भेटलं की पाच मिनिटांत तीन गोष्टी कळतात: एम.एस. कुठून केलं, नोकरी कुठल्या कंपनीत आणि घर कुठल्या भागात घेतलं. मीही त्यातलाच. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातला मुलगा. दोन सूटकेसा घेऊन अमेरिकेत आलो आणि इंजिनिअर म्हणून स्थिरावलो. 'गर्व करू नये' हे संडेस्कूलमध्ये शिकलो होतो. पण गर्व दुसऱ्यांना होतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती!

ती समजूत मागच्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात गेली. एका पंपाच्या स्टँडचं ड्रॉइंग मी वर्कशॉपमध्ये पाठवलं. तिथला मशीनिस्ट साठीचा, कॉलेजची पायरी न चढलेला. तो ड्रॉइंग घेऊन आला. म्हणाला, "हा कोपऱ्यातला बोल्ट आवळणार कसा? पाना फिरायला जागाच नाही." मी घाईत होतो. "ड्रॉइंगप्रमाणे कर," म्हणालो. त्याने केलं. जुळणीच्या वेळी पाना अडकला आणि चार स्टँड पुन्हा करावे लागले. मॅनेजरने विचारलं तेव्हा "आमच्यात जरा गैरसमज झाला" असं सांगून मी मोकळा झालो. गैरसमज कसला? त्याला बरोबरच समजलं होतं. माझ्या त्या एका वाक्याने अर्धी चूक त्याच्या खात्यावर गेली. तो शेजारीच उभा होता. काही बोलला नाही.

गुरुवारी संध्याकाळी चर्चला गेलो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे एकमेकांचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याची ही आठवण. मी दोघांचे पाय धुतले; छान वाटलं, जरा जास्तच छान! मग माझी पाळी आली. आमच्या चर्चची झाडलोट करणारे वृद्ध गृहस्थ घमेलं घेऊन माझ्यापुढे गुडघ्यावर बसले. मी झटकन पाय मागे घेतले. "नको, नको, तुम्ही कशाला!"

आणि एकदम पेत्र आठवला. त्यानेही आधी नकारच दिला होता. आजवर मला तो नम्रपणा वाटायचा. त्या दिवशी कळलं, सेवा करतानाही आपण वरच राहू शकतो. दुसऱ्याकडून घ्यायचं म्हटलं की मात्र वाकावं लागतं. मशीनिस्टचा सल्लाही मी याच कारणाने घेतला नव्हता.

नम्रता म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं मात्र नव्हे. पंडिता रमाबाईंचं उदाहरण बघा. संस्कृतच्या व्यासंगासाठी 1878 साली कलकत्त्याला त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं चर्चच्या वरिष्ठांनी सुचवलं, तेव्हा त्यांनी ठाम विरोध केला. त्याच बाईंनी नंतर केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली. कोणासाठी? बेताचं शिकलेल्या बायकांसाठी. ते काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. अन्यायापुढे त्या झुकल्या नाहीत, पण शिकण्यासाठी आणि कमी शिकलेल्यांसाठी झुकल्या. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात.

सोमवारी मी मॅनेजरकडे जाऊन सांगितलं, "चूक पूर्ण माझी. त्याने आधीच दाखवली होती, मी ऐकलं नाही." ते वाक्य घशातून बाहेर काढायला एम.एस.च्या प्रबंधापेक्षा जास्त कष्ट पडले! मग मशीनिस्टची माफी मागितली. त्याने हात पुसले आणि एवढंच म्हणाला, "पुढचं ड्रॉइंग आधी माझ्याकडे आण."

आता नेतो. गर्व गेला म्हणाल तर नाही. हा लेख लिहितानाही 'मी बघा कसा नम्र झालो' असं तो कानाशी कुजबुजतोच आहे. पण निदान त्याचा आवाज ओळखू येतो. आपल्या मनाच्या कोपऱ्यातही पाना फिरेल एवढी जागा ठेवावी, म्हणजे दुसऱ्याला आपला सैल झालेला बोल्ट आवळता येतो. बघा, पटतंय का!