सरस्वती महालातली मोडी आणि कॉलेजची मुलं

तंजावूरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांनी ते वाढवलं. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. इथे तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आहेत आणि मराठेशाहीच्या मोडी लिपीतल्या कागदांची तेराशेहून अधिक बाडं.

कागद भरपूर, वाचणारे मोजकेच.

कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी समाजसेवेसाठी इकडे वळावं. राष्ट्रीय सेवा योजना (१९६९) दोन वर्षांत २४० तास काम मागते. ते तास श्रमदानात, रक्तदान शिबिरात जातात, तसे वारशासाठीही द्यावेत. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात, मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं गुंफतात. शब्द कुठे तुटतो ते नजरेलाच कळावं लागतं. चिकाटी असेल तर वळणं काही आठवड्यांत ओळखीची होतात. जुनी, ठिसूळ पानं हाताळणं मात्र जाणकारांचंच काम. मुलांनी छायाप्रतींवरून वाचन करावं, सूची करावी, पाहुण्यांना दालनं समजावून सांगावीत.

तंजावुरी मराठी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना या कागदांतले कितीतरी शब्द घरचेच वाटतील. त्यांनी प्राचार्यांमार्फत ग्रंथालयाला पत्र लिहावं आणि मोडीची बाराखडी आजच गिरवायला घ्यावी.