ईजीआर बंद केला तर?

डिझेल इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा आत सोडायचा, हे ईजीआर व्हॉल्व्हचं काम. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. त्रास काजळीचा. क्रँककेसमधून येणाऱ्या ऑइलच्या वाफेत ती मिसळली की इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा चिकट थर साचतो, पिकअप मार खातो.

मग पाइपच्या जोडात पत्र्याची चकती बसवून वाट बंद केली जाते. कुणी तिला छोटं भोक ठेवतात. काजळी थांबते, पण बऱ्याच गाड्यांत ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो.

बीएस-४ या उत्सर्जन मानकात डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. एका चकतीने या सगळ्यावर पाणी पडतं. पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर तपासतात, हा वायू नाही, त्यामुळे अशी गाडी सहज पास होते. ही पळवाट बुजवायलाच हवी. दमेकऱ्यांना या वायूचा थेट त्रास होतो.

व्हॉल्व्ह चोंदला असेल तर खोलून कार्ब क्लीनरने साफ करावा, गॅस्केट नवं टाकावं. मॅनिफोल्डही त्याच वेळी उतरवून घ्यावा.