मुखलेप : घरचा कीं बाजारचा?

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतणीचें लग्न झालें. त्याआधीं पंधरा दिवस घरांत एक वाद उपस्थित झाला. तो दागिन्यांवरून नव्हे, मानपानावरूनही नव्हे, तर मातीवरून. पुतणीनें बाजारांतून तयार मुखलेपाची एक ट्यूब आणली होती. तिची किंमत ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "एवढ्या पैशांत वर्षभराची मुलतानी माती येईल!" लगेच वहिनींनीं माती भिजविली आणि गुण अधिक यावा म्हणून तींत अर्धें लिंबू पिळलें. तो लेप लावून मुलगी गच्चीवर उन्हांत बसली. दुसऱ्या दिवशीं गाल लालभडक झाले, आणि केळवणाच्या दिवशींही काळपट डाग दिसतच होते. सर्वांनीं दोष मातीला दिला. आम्हांस मात्र हा निवाडा पटला नाहीं, म्हणून आम्हीं दोन्ही पक्षांची चौकशी केली.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं दोन्ही लेपांत काम करणारी वस्तु मातीच आहे. मुलतान शहर १९४७ पासून पाकिस्तानांत आहे. परंतु ही माती राजस्थानांत बाडमेर, बिकानेर या बाजूसही विपुल निघते. लोकरी कापडांतील तेलकटपणा काढण्यासाठीं विलायतेंतील कारागीर पूर्वीं हिच्याच जातीची माती वापरीत. तिचे कण अत्यंत बारीक असल्यामुळें तेल त्यांना चिकटून बसतें. तयार लेपांत बहुधा केओलिन म्हणजे चिनी माती, अथवा बेंटोनाइट असतें; त्यांचें कार्यही हेंच. त्वचेवरील तेल व मळ टिपणें, एवढाच मातीचा गुण आहे. ती रक्त शुद्ध करीत नाहीं.

मग फरक कोठें आहे? पहिला फरक पाण्याचा. पुतणीच्या ट्यूबवरील घटकांच्या यादींत पहिलें नांव पाण्याचेंच होतें. तेव्हां किंमतीविषयीं मातोश्रींचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु माती कोरडी असेपर्यंतच टिकते. पाणी, दूध वा दहीं पडलें कीं तींत जंतु वाढूं लागतात. म्हणून महिनोन्महिने ठेवावयाच्या ओल्या लेपांत परिरक्षक द्रव्य घालावें लागतें. त्याचें नांव ऐकून नाक मुरडणाऱ्या घरांतच कालविलेली माती चार दिवस वाटींत झांकून ठेवलेली आम्हीं पाहिली आहे. या दोहोंत अधिक भय वाटीचेंच आहे.

दुसरा फरक जबाबदारीचा. १९४० चा कायदा व २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांअन्वयें तयार मालावर करणाराचें नांव, परवान्याचा क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापावी लागते. वाण्याकडील सुट्या मातीवर यांपैकीं कांहींच नसतें. २०१६ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें एका बेंटोनाइट मातींत शिशाचें प्रमाण अधिक आढळल्याचा इशारा दिला होता. डब्यावर नांव होतें, म्हणून गिऱ्हाइकांना सावध करतां आलें.

राहिला लिंबाचा प्रश्न. निरोगी त्वचा किंचित् आम्ल असते. लिंबाचा रस तिच्याहून कित्येक पटींनीं आम्ल आहे. शिवाय लिंबाच्या रसांतील कांहीं द्रव्यांवर ऊन पडलें असतां त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. तेव्हां अपराध मातीचा नव्हता.

घरचा लेप करावयाचा तर माती पाकीटबंद, नांवगांव असलेली घ्यावी व वस्त्रगाळ करावी. एका वेळेपुरतीच साध्या पाण्यांत वा गुलाबपाण्यांत कालवावी. उरलेली टाकून द्यावी. आदल्या दिवशीं कोपराच्या आंतल्या बाजूस लावून पाहावी. दहा मिनिटांनीं, तडे जाण्यापूर्वींच धुवावी. तेलकट त्वचेला आठवड्यांतून एकदां पुरे. कोरड्या त्वचेनें तिच्या वाटेस जाऊं नये. फुटलेल्या पुटकुळीवर कोणतीच माती लावूं नये. मातींत धनुर्वाताचे जंतु असूं शकतात.

एक गोष्ट मात्र आम्हांस मागाहून कळली. मुलीनें ती ट्यूब तेल टिपण्यासाठीं आणलीच नव्हती. साखरपुड्याच्या दिवशीं पाहुण्यांपैकीं एक बाई म्हणाल्या होत्या, "मुलगी गुणाची आहे, वर्ण तेवढा सांवळा." तें वाक्य आम्हीं सर्वांनीं ऐकलें होतें, आणि कोणीच कांहीं बोललें नव्हतें. ट्यूबवर 'उजळ कांति' असें छापलेलें होतें. वहिनींनीं लिंबू पिळलें तेंही त्याच आशेनें. त्वचेचा वर्ण आंतल्या रंगद्रव्याचा असतो. तो घरच्या मातीनें बदलत नाहीं, बाजारच्याही नाहीं. कोणती माती वापरावी हें ज्या त्या घरानें आपल्या सोयीनें ठरवावें. परंतु मुलीला ती कशासाठीं हवी आहे, हें वडीलधाऱ्यांनीं आधीं विचारावें, एवढीच आमची विनंति आहे. आम्हीं तें विचारलें नाहीं.