जुन्या जीपला नवे इंजिन : इसारा देण्यापूर्वी हे वाचा



पीकपाण्याच्या प्रश्नांबरोबर आपल्या पत्रांतून एक वेगळाच प्रश्न अधूनमधून येतो. "वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप दारात उभी आहे. सकाळी लवकर चालू होत नाही, पेट्रोल फार पिते. गॅरेजवाला म्हणतो, जुने इंजिन काढून फ्युएल इंजेक्शनचे नवे टाका, गाडी वाऱ्यासारखी पळेल. टाकावे का?"

मी शेतकी पदवीधर, मोटार मिस्त्री नव्हे. पण हा उद्योग आमच्याच घरात झालेला आहे. त्यात काय चुकले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून उसाच्या बिलातून किंवा कांद्याच्या पट्टीतून पैसे बाजूला काढण्यापूर्वी ही माहिती सावकाश वाचा.

जुने इंजिन कसे चालते?

१९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटची 'सीजे-३बी' जीप खेडोपाडी पोचली. तिचे 'हरिकेन' पेट्रोल इंजिन २.२ लिटरचे, चार सिलिंडरचे. त्याला पेट्रोल पुरविण्याचे काम कार्बोरेटर करतो.

कार्बोरेटर म्हणजे पाटपाणी समजा. इंजिन हवा ओढते आणि त्या ओढीबरोबर पेट्रोल वाहत जाते. कोणत्या सिलिंडरला किती मिळाले याचा काटेकोर हिशेब नाही. एका वाफ्यात जास्त, दुसऱ्यात कमी, असे होतेच. थंडीत चोक ओढावा लागतो. चढावर गाडी कलली की मिश्रण बिघडते. पण गुण असा, की पाना आणि पेचकस एवढ्यावर गावातला मिस्त्री ते दुरुस्त करतो.

इंजेक्शन म्हणजे काय?

इंजेक्शन म्हणजे ठिबक. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर. विजेचा पंप टाकीतून दाबाने पेट्रोल आणतो. इंजेक्टर क्षणभर उघडतो, मोजून पेट्रोल सोडतो आणि बंद होतो. किती वेळ उघडायचे हे एक छोटी संगणक-पेटी ठरविते. गॅरेजमध्ये तिला ईसीएम म्हणतात. इंजिन किती वेगाने फिरते, पाणी किती तापले, हवा किती येते, ॲक्सिलरेटर किती दाबला, धुरात प्राणवायू किती उरला, हे सगळे तिला सेन्सर कळवितात. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण ती पेटी सतत सांभाळते.

फायदा खरा आहे. गाडी पहिल्या झटक्याला चालू होते, पेट्रोल वाचते, धूर कमी होतो. पण ठिबकची नुसती नळी आणून शेतात टाकली तर बाग भिजते का? पंप, फिल्टर, व्हॉल्व्ह, योग्य दाब, सगळे लागते. इथेही तसेच आहे. इंजेक्शनचे इंजिन एकटे येत नाही. ते आपला सगळा गोतावळा घेऊन येते. या पत्रकातली दुसरी कोणतीही गोष्ट विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

आमच्या घरी काय झाले?

माझ्या थोरल्या चुलत्यांनी अपघातात मोडलेल्या गाडीचे इंजेक्शनचे इंजिन स्वस्तात घेतले. इंजिन लवकर निघावे म्हणून मिस्त्रीने वायरिंग कटरने कापून काढले. तासाभराचे काम वाचले आणि जीप तीन महिने लिंबाखाली उभी राहिली. कोणती वायर कुठे जाते याचा मेळच लागेना. शेवटी दुसरे अखंड वायरिंग विकत आणावे लागले.

मग गाडी पळू लागली, आणि खरी चूक तेव्हा कळली. बाजाराहून परतताना घाट उतरत होतो. आम्ही चौघे, मागे खताची पोती. वेग नेहमीपेक्षा जास्त होता. ब्रेक मात्र जुनेच, चारही चाकांना ड्रमचे. ते तापले आणि अर्ध्या घाटात पायडल तळाला गेले. चुलत्यांनी खालचा गिअर टाकून जीप डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली, म्हणून वाचलो. दरी दुसऱ्या बाजूला होती. मिस्त्रीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. इंजिनापलीकडे आम्हीच पाहिले नव्हते.

१) आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वेगळ्या बनावटीचे इंजिन टाकणे म्हणूनच सोपी गोष्ट नव्हे.

यासाठी आरटीओ कार्यालयात आधी लेखी अर्ज करा. अमुक गाडीत अमुक इंजिन बसवायचे आहे, चालेल का, असे स्पष्ट विचारा. लेखी मंजुरी हाती येईपर्यंत कोणाला इसारा देऊ नका. "नंतर बघू, ओळख आहे" असे कोणी म्हटले तर नमस्कार करून परत या. आर.सी. बुकातला इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला नाही तर पुढचे पासिंग अडते. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईवर वाद घालते आणि दुसऱ्याची नुकसानभरपाई तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते.

दुसरे असे, की पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. इंजिनात मोठा फेरबदल केला की तो हक्क जातो. जुने इंजिन भंगारात घालण्यापूर्वी हाही विचार करा.

२) ताकद आणि ओढ यांत फरक आहे

गॅरेजवाले अश्वशक्ती सांगतात. एक उदाहरण घेऊ. जीपचे हरिकेन इंजिन सुमारे ७५ अश्वशक्तीचे, तर मारुती जिप्सीचे १.३ लिटरचे इंजेक्शन इंजिन ८० अश्वशक्तीचे. कागदावर नवे वरचढ. पण ओढ पाहा. हरिकेनची ओढ सुमारे १५५ न्यूटन-मीटर, आणि ती मिनिटाला अवघ्या २००० फेऱ्यांवर मिळते. जिप्सीच्या इंजिनाची सुमारे १०३, आणि तीही ४५०० फेऱ्यांवर.

एक खिलार बैल आहे, दुसरा टांग्याचा घोडा. घोडा पळेल, पण चिखलात रुतलेली ट्रॉली सावकाश ओढून काढायची तर बैलच हवा. घोड्याकडून ते काम घ्यायचे असेल तर गिअर त्याला साजेसे पाहिजेत. म्हणून गाडीचे काम आधी ठरवा, मग इंजिन निवडा. तालुक्याला जाणे-येणे वेगळे आणि शेतातली ओढाताण वेगळी.

गिअरबॉक्सचाही प्रश्न येतो. जीपमध्ये चारचाकी ओढीची पेटी गिअरबॉक्सलाच जोडलेली असते आणि मागचा डिफरन्शियल मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असतो. नवे इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये जोडप्लेट लागते. ती लेथवर अचूक कातलेली हवी. केसभर तिरकी बसली तरी क्लच आणि बेअरिंग खाते.

३) पेट्रोलची वाट

कार्बोरेटरचा पंप चौरस सेंटिमीटरला पाव-अर्धा किलोच्या आत दाब देतो. इंजेक्शनला सुमारे अडीच ते तीन किलो दाब लागतो. आपल्या ठिबकच्या नळीत साधारण एक किलो असतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाला जुनी रबरी नळी टिकत नाही. फुटली तर पेट्रोलची पिचकारी उडते. आणि सीजे-३बी जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, हे विसरू नका.

म्हणून इंजेक्शनसाठीच बनविलेली नळी आणि तिचेच क्लिप वापरा. ज्या इंजिनाला जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी लागते, तिथे ती बसवा. इंजिन बंद पडले की पंप आपोआप बंद झाला पाहिजे, असा रिले जोडून घ्या. जुनी टाकी आतून गंजलेली असते. ती साफ करून, नवा फिल्टर घालूनच जोडा. टाकीत पेट्रोल कमी असताना चढावर पंप हवा ओढतो आणि गाडी बंद पडते. त्यासाठी जाणकार लोक मध्ये एक लहान टाकी देतात.

४) वीज आणि वायरिंग

अगदी जुन्या जीप सहा व्होल्टच्या होत्या. इंजेक्शनला बारा व्होल्ट आणि चांगला अल्टरनेटर हवा. डायनामोवर भागत नाही. इंजिन ज्या गाडीतून घ्याल तिचे वायरिंग, संगणक-पेटी, सर्व सेन्सर, पेट्रोल पंप, सायलेन्सरवरचा सेन्सर आणि चावी, सगळे एकत्र घ्या. पुष्कळ गाड्यांत चावी आणि पेटी यांची जोडी असते. चावी नसेल तर इंजिन जागे होत नाही. शक्य असेल तर इंजिन मूळ गाडीत चालू करून पाहा आणि मगच खोला. खोलताना प्रत्येक जोडावर चिठ्ठी बांधा.

अर्थिंगची जागा रंग खरवडून घट्ट करा. निम्मे बिघाड तिथेच सापडतात. चेसिसला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरी सोडवा आणि संगणक-पेटी बाहेर काढा. ती पेटी उंचावर, कोरड्या जागी बसवा, कारण आपल्याला ओढे ओलांडायचे असतात. आणि उंदीर! गोठ्याशेजारी गाडी लावत असाल तर वायरिंगवर पत्र्याचे किंवा जाड नळीचे आवरण हवेच.

५) ब्रेक, पाणी, स्टिअरिंग

वेग वाढवायचा तर आधी थांबायची सोय करा. ब्रेकचे सिलिंडर, लायनिंग, नळ्या नव्या करा. रेडिएटर नव्या इंजिनाला पुरतो का ते भर उन्हात, चढावर तपासा. स्टिअरिंगचा दांडा इंजिनाला किंवा गरम सायलेन्सरला घासत नाही ना, हे चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा.

मग जुनेच दुरुस्त केले तर?

बहुतेकांना माझा सल्ला हाच आहे. जीप हल्ली जास्त कुरकुरते, त्याचे एक कारण पेट्रोलमध्येच आहे. आपल्या उसापासून आणि धान्यापासून होणारे इथेनॉल २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाऊ लागले. शेतकऱ्याला ते हिताचे आहे. पण इथेनॉल जुने रबर मऊ करते, टाकीतला मळ सोडविते आणि हवेतला ओलावा धरते. मळ कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतो आणि गाडी धक्के खाते.

त्यावर उपाय स्वस्त आहे. टाकी धुवा, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व वॉशर घाला, फिल्टर बदला, कार्बोरेटर खोलून साफ करून जेट जुळवून घ्या. पॉइंट, प्लग आणि व्हॉल्व्हचे अंतर तपासा. सिलिंडरचा दाब मोजून घ्या. दाब चांगला असेल तर इंजिन म्हातारे नाही, नुसते आजारी आहे. एवढे करून महिनाभर चालवा. निम्म्या लोकांचा इंजिन बदलण्याचा विचार तिथेच मावळेल.

इसारा देण्यापूर्वी स्वतःला विचारा

१. आरटीओची लेखी मंजुरी हाती आहे का?
२. इंजिनाचे पक्के बिल आणि नंबर आहे का?
३. वायरिंग, पेटी, पंप, सेन्सर, चावी, सगळे एकाच गाडीचे आहे का?
४. ब्रेक आणि रेडिएटरचा खर्च हिशेबात धरला का?
५. ठरलेल्या रकमेच्या चौथा हिस्सा राखून ठेवला का?
६. बिघाड झाला तर तपासणीचे यंत्र असलेला मिस्त्री जवळपास आहे का?

सहाही उत्तरे 'होय' असतील तर खुशाल पुढे जा. बदल झाल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओत कळवून आर.सी. बुकात नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. एखादे उत्तर जरी 'नाही' आले, तरी थांबा. जीप इतकी वर्षे थांबली आहे, आणखी एक हंगाम थांबेल.

आमच्या चुलत्यांची जीप अजून आहे. नवे ब्रेक घातल्यावरच ती पुन्हा घाटात गेली. आता उतार लागला की ते आधी पायडल दाबून पाहतात आणि मगच गाडी पुढे काढतात. तुम्हीही तसेच करा. आपले अनुभव आणि अडचणी कार्यक्रमाला जरूर लिहून कळवा.