आजीच्या लिंबावरची अळी

दिवाळीच्या सुट्टीत झाशीला सिव्हिल लाइन्समधल्या घरी गेलो, तेव्हा आजीच्या कुंडीतल्या लिंबाची पानं कुरतडलेली होती. एका पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली. काडीने काढायला गेलो, तर ती हलली! ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी होती.

विष्ठा समजून पक्षी तिला खात नाहीत. अळी चार वेळा कात टाकते. मोठी झाल्यावर हे सोंग चालत नाही, मग ती पानासारखी हिरवी होते. तरीही कुणी डिवचलं, तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. कॅमफ्लाज आम्हाला शिकावं लागतं, तिला ते उपजतच येतं! महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन याच कुळातलं.

आजी मात्र फवारणीची बाटली घेऊन उभी होती. "झाड मेलं तर लिंबं तू आणणार का?"

शेवटी दोन अळ्या लिंबावर ठेवल्या, बाकीच्या कढीपत्त्यावर सोडल्या. तीही पानं त्या खातात. मी निघालो तेव्हा एक अळी कमरेला रेशमी धागा बांधून कोष झाली होती.

पुढच्या आठवड्यात आजीचा फोन आला, "उडालं रे तुझं फुलपाखरू! बाटली अजून बंदच आहे."