घरातली आगगाडी

मौदा हे कन्हान नदीच्या काठचे, मुंबई-कोलकाता महामार्गावरचे तालुक्याचे गाव. परंतु नागपूरहून कामठी-कन्हान मागे टाकून भंडारा रोडकडे जाणारा लोहमार्ग गावाच्या उत्तरेने चाचेर, तारसा, रेवराल, खात अशी लहान लहान स्थानके घेत जातो, आणि 2320 मेगावॉट क्षमतेच्या येथील औष्णिक विद्युत केंद्राचा कोळसा मालगाड्यांनीच येत असल्यामुळे, गावाच्या नावाचे स्थानक नसतानाही या तालुक्यातील मुलांना वाघिणींची लांबच लांब रांग मोजण्याचा नाद आपोआप लागतो. दक्षिणेकडे, शेजारच्या कुही तालुक्यातून, इतवारी ते नागभीड ही अडीच फुटी नॅरोगेज गाडी शंभराहून अधिक वर्षे धावत होती. 2019 साली रुंदीकरणासाठी ती बंद झाली. एका बाजूला कोळशाने लादलेली प्रचंड मालगाडी आणि दुसऱ्या बाजूला आता केवळ स्मरणात उरलेली चिमुकली गाडी, असा योग ज्या मुलखाला लाभला आहे, तेथील रहिवाशांना घरातल्या आगगाडीचा छंद परका वाटण्याचे कारण नाही.

या छंदाकडे आपल्याकडे पोरखेळ म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो अन्यायाचा आहे. खेळण्यातल्या गाडीत आणि प्रतिकृतीत फरक प्रमाणाचा असतो. जर्मनीतील मेर्कलिन या 1859 साली स्थापन झालेल्या कंपनीने 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापे मांडली आणि एका वर्षी घेतलेल्या रुळाला पुढल्या वर्षी घेतलेला डबा जुळेल अशी तजवीज केली, तेव्हा या छंदाचा खरा पाया घातला गेला. कारण त्यापूर्वी गाडी विकत घेता येत असे, त्यानंतर रेल्वे उभारता येऊ लागली. पुढे इंग्लंडात मेकॅनो काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या 1920 पासून बाजारात आल्या. आज जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण एचओ, म्हणजे मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. त्यात दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर, आणि साडेपाच फूट उंचीचा माणूस जेमतेम एकोणीस मिलिमीटरांचा. त्याहून लहान असलेल्या एन प्रमाणात सारे काही एकशेसाठाव्या भागाइतके होते आणि रूळ नऊ मिलिमीटरांवर येतात.

हे आकडे कंटाळवाणे वाटतील, पण सारी गंमत त्यांतच आहे. कोळशाच्या मालगाडीला बॉक्स-एन जातीच्या अठ्ठावन्न वाघिणी जोडल्या, तर इंजिने सोडूनच तिची लांबी सव्वासहाशे मीटरांच्या आसपास भरते. एचओ प्रमाणात ती सात मीटरांहून लांब, म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीत मावणार नाही. मग छंदी माणूस काय करतो? तो आठ-दहा वाघिणींवर भागवतो, गाडीचा मागचा भाग टेकाडाआड किंवा पुलाखाली लपेल अशी मांडणी करतो आणि पाहणाऱ्याच्या मनात उरलेल्या वाघिणींचा भास निर्माण करतो. काय ठेवावे आणि काय गाळावे याचा हा विवेक चित्रकाराला लागतो तितकाच येथेही लागतो.

नॅरोगेजच्या बाबतीत तर गणितच आपल्या मदतीला धावून येते. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणजे एन प्रमाणाचा नऊ मिलिमीटरी रूळ जवळपास तंतोतंत बसतो. याचा अर्थ असा की एन प्रमाणाच्या साध्या इंजिनाचा चाकांचा सांगाडा घेऊन त्यावर पुठ्ठ्याची अथवा प्लास्टिकच्या पत्र्याची, एचओ प्रमाणात कापलेली काया चढवली, की नागभीडची गाडी घरच्या टेबलावर पुन्हा धावू शकते. भारतीय गाड्यांच्या तयार प्रतिकृती सहजी मिळत नाहीत आणि परदेशी सामान महाग पडते, हे खरे. परंतु या अरुंद गाडीपुरती ती अडचण कौशल्याने ओलांडता येते, आणि उमरेड किंवा भिवापूर स्थानकाची कौलारू इमारत तर कोणत्याही दुकानात मिळणारच नाही, ती आपल्यालाच करावी लागेल.

ही गाडी चालते कशी, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. दोन रूळ याच विजेच्या दोन तारा असतात. त्यांतून बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडला की चाकांवाटे तो इंजिनातल्या मोटारीला पोहोचतो. दाब वाढवला की वेग वाढतो, धन-ऋण टोकांची अदलाबदल केली की गाडी उलटी फिरते. म्हणूनच इंजिनाच्या दोन्ही बाजूंची चाके परस्परांपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवावी लागतात, आणि म्हणूनच रूळ वळवून त्याच मार्गावर उलट आणून जोडला तर डावा रूळ उजव्याला मिळून शॉर्टसर्किट होते. तेवढा तुकडा वेगळा करून त्याची स्वतंत्र व्यवस्था लावावी लागते. नव्या अंकीय पद्धतीत प्रत्येक इंजिनात एक इवलासा फलक असतो, त्याला स्वतःचा क्रमांक असतो, आणि रुळांतून येणाऱ्या हुकमांपैकी आपल्या नावचा हुकूम तेवढा तो पाळतो. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने निरनिराळ्या वेगाने नांदू शकतात.

विदर्भाचे हवामान मात्र या छंदाची परीक्षा पाहते. निकेल-सिल्व्हरचा तीन मीटरांचा रूळ तापमानातील तीस अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यात घट्ट जोडलेला मार्ग वैशाखात मधूनच उचलला जातो आणि डबे घसरतात. यास्तव सांध्यांत थोडी फट सोडावी, पावसाळ्यात फुगणारा प्लायवुड खालून-वरून रंगवून घ्यावा, आणि धुळीसाठी मऊ कापडाने रूळ पुसण्याचा शिरस्ता ठेवावा. देखावा मात्र परदेशी पाइनवृक्षांचा असू नये, असे मला आग्रहाने वाटते. हिरव्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा, तुरीच्या वाळल्या काड्यांचे शेंडे, नारळाच्या काथ्याचे तंतू एवढ्या सामग्रीत बाभूळ, पळस आणि धानाच्या बांध्या उभ्या राहतात. कन्हानच्या पात्रासाठी चाळलेली तिथलीच वाळू आणि वर वार्निशाचे चार-पाच पातळ थर पुरतात.

पण संग्रह करणे हा अर्धाच आनंद; उरलेला अर्धा तो इतरांबरोबर वाटून घेण्यात असतो. पुण्यातील भाऊ जोशी यांनी याचा उत्तम दाखला घालून दिला. सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स हा कारखाना चालवणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यभर जोपासलेला छंद कपाटात न ठेवता कोथरूडमध्ये लघुरेल्वेचे संग्रहालय उभारले आणि 1 एप्रिल 1998 पासून ते सर्वांना खुले केले. सिग्नल, सांधे, रस्ते, दिवे आणि जलद गाड्यांपासून डोंगरी गाडीपर्यंत सारे काही तेथे एका नियंत्रण-फलकावरून हलते. त्यानंतर 2001 साली हॅम्बुर्गमध्ये ब्राउन बंधूंनी याच एचओ प्रमाणातील प्रचंड लघुविश्व उघडले आणि ते जगप्रसिद्ध झाले. मराठी माणसाने ही वाट त्यांच्या आधी चोखाळली होती, याचा आपण अभिमान बाळगायला हवा.

घरच्या मांडणीतही आनंद वाटून घेण्याचे हेच तत्त्व लागू करता येते. आल्यागेल्याला गाडी गरगर फिरवून दाखवली की दोन मिनिटांत त्याचे कुतूहल संपते. त्याऐवजी मांडणीच्या दोन टोकांना दोन मुले बसवावीत, एक कुहीचा स्टेशनमास्तर आणि दुसरा उमरेडचा; मार्ग एकेरी असल्यामुळे पुढल्या स्थानकाने ‘लाइन क्लियर’ दिल्यावाचून गाडी सोडायची नाही, त्या परवानगीची खूण असलेले टोकन हाती आल्यावाचून चालकाने निघायचे नाही, आणि प्रत्येक गाडीची वेळ वहीत नोंदवायची, एवढा कारभार त्यांच्यावर सोपवावा. समोरासमोर दोन गाड्या एकाच मार्गावर येऊ न देण्यासाठी रेल्वेने केलेला बंदोबस्त मग पुस्तकातून शिकवावा लागत नाही. गणपतीच्या आराशीत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात अशी मांडणी ठेवली, तर रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा सांधेवाला हमखास पुढे येतो आणि सिग्नल चुकीच्या बाजूला आहे हे दाखवून देतो. त्या दुरुस्तीचे मोल पैशात करता येणार नाही.

नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय 2002 पासून आहे. मौद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतके ते जवळ आहे, आणि मुलांना मापपट्टी व वही घेऊन तेथे अवश्य न्यावे. परंतु संग्रहालयात इंजिन असते, डबा असतो. भिवापूरच्या फलाटावर मिरचीची पोती कोठे रचली जात, पाण्याची टाकी कोणत्या अंगाला होती, हे तेथे कळत नाही. ते अजून या मार्गावर राबलेल्या आणि या गाडीने प्रवास केलेल्या वृद्धांना ठाऊक आहे. रुंदीकरणाच्या कामात जुन्या खुणा पुसल्या जात आहेत. म्हणून मौदा, कुही, उमरेड, भिवापूर येथील शिक्षकांना आणि छंदी मंडळींना विनंती आहे की त्यांनी या माणसांना गाठून प्रत्येक स्थानकाचा एक हातनकाशा काढून घ्यावा, जुनी छायाचित्रे मागावीत, आणि निदान एका स्थानकाची प्रतिकृती गावातल्या शाळेत उभी करावी.