आधी मापलं, मग वाचवलं

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारी औषधं जुनीच आहेत. अर्गोमेट्रीन १९३५ मध्ये हाती आलं, ऑक्सिटोसिन १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. तरीही वार पडल्यावर गर्भपिशवी आकसली नाही म्हणून खेड्यापाड्यांतल्या धडधाकट बायका दोन-दोन तासांत जात राहिल्या. ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंशांचा गारवा हवा आणि ते टोचणारा शिकलेला हात हवा. वीज नसलेल्या उपकेंद्रात दोन्हींची वानवा.

माझ्या मते खरं वळण बेळगाव जिल्ह्यात आलं. २००२ ते २००५ या काळात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी तिथल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बाळंतिणींवर चाचणी केली. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, करणाऱ्या नर्सबाई. बाळ जन्मताच निम्म्या बायकांना गर्भपिशवी आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. रक्तस्रावाचं प्रमाण शंभरात १२ वरून ६.४ वर आलं. ना फ्रिज, ना सुई.

गोळीइतकंच महत्त्वाचं होतं बाळंतिणीच्या खाली अंथरलेलं प्लॅस्टिक. त्याच्या टोकाशी खुणा केलेली पिशवी होती. तोवर रक्त नजरेनं जोखलं जाई आणि ते कपड्यांत, जमिनीत मुरलेलं असल्यानं अंदाज सहसा कमी निघे. आता नर्सबाईंना आकडा समोर दिसू लागला.

त्याच सुमारास ढाक्यात डॉ. सायेबा अख्तर यांनी कंडोम रबरी नळीला बांधून, गर्भाशयात सरकवून सलाईननं फुगवला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ रुग्णांच्या नोंदीत सगळ्यांचा रक्तस्राव थांबला होता. पुढच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत, पण शस्त्रक्रियागृहापर्यंत पोचायला अवधी मिळवून देणारा हा उपाय अनेक देशांनी उचलला.

रक्ताची गुठळी टिकवणाऱ्या ट्रॅनेक्झामिक आम्लाच्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये जाहीर झाले : २१ देश, वीस हजारांवर बायका. औषध बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत टोचलं तरच जीव वाचतात, हे त्यातून स्पष्ट झालं. रात्री दीडला रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्या गावासाठी हे तीन तास फार थोडे आहेत, म्हणून हे इंजेक्शन वरच्या रुग्णालयाची वाट न पाहता खालच्या पातळीवरच मिळायला हवं.

२०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांच्या ८० रुग्णालयांतल्या चाचणीचे निकाल आले : त्यातल्या काहींनी खुणांच्या पिशवीनं रक्त मापलं आणि मालिश, औषधं, सलाईन, तपासणी असे सगळे उपचार एकदमच सुरू केले, बाकीच्यांनी नेहमीचेच उपचार चालू ठेवले. पहिल्या गटात गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. यातलं एकही औषध नवं नव्हतं.

आपल्याकडे मात्र निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी असतं. अशा बाईसाठी, इतकं रक्त गेल्यावरच धोका मानायची ५०० मिलिलीटरची जुनी रेघ उशिराची ठरते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये ती खाली आणली : ३०० मिलिलीटर रक्त गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडला, की उपचार लगेच सुरू.